कोर्स बघितला की केला?

प्रवेशाचे दिवस आहेत, त्यामुळे या वेळी ऑनलाइन शिक्षणाबद्दलचेच प्रश्न जास्त आले. त्यातले चार निवडले आहेत.

प्रश्न : एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स केला. सगळे व्हिडिओ पाहिले, परीक्षेत ७५ पैकी ४६ मिळाले, तरी प्रमाणपत्र नाही. असं कसं? – इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, ऐरोली

असाइनमेंट किती भरल्यास, हे तू लिहिलंच नाहीस. मला वाटतं, घोळ तिथेच आहे. व्हिडिओ पाहण्याला गुण नसतात. ७५ गुण परीक्षेचे, २५ असाइनमेंटचे. परीक्षेत किमान ३० आणि असाइनमेंटमध्ये किमान १० हवेत. परीक्षेतले जास्तीचे गुण इकडे वळवता येत नाहीत. बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे चार बुडल्या तरी चालतं. पण सरासरी काढताना भागाकार आठनेच होतो. तीनच भरल्या असतील तर तिन्हींत पैकीच्या पैकी मिळूनही सरासरी २५ पैकी ९.३७ वर अडकते. दहा गुण थोडक्यात हुकतात ते असे.

मुदत बहुधा बुधवारी रात्री संपते आणि निम्मा वर्ग बुधवारीच जागा होतो. तू रविवारी दुपारी भर. पुढच्या वेळी आणखी एक कर : नोंदणी करण्याआधी त्या कोर्सचं क्रेडिट (पदवीत मोजले जाणारे श्रेयांक) कॉलेज धरणार का, ते विभागप्रमुखांकडून लेखी घे. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवरच्या कोर्सना (एनपीटीईएलचे कोर्सही त्यातच येतात) एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट देण्याची मुभा यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये दिली, पण कोणता कोर्स धरायचा हे तुमची संस्था ठरवते.

प्रश्न : मुलाला नोकरी सांभाळून एमबीए करायचं आहे. स्टेशनजवळच्या एका ऑफिसात परराज्यातल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी, ‘पासची गॅरंटी’ आणि आज पैसे भरले तर सूट, असं सांगितलं. भाच्याचं बीटेकही ऑनलाइन होईल म्हणाले. भरू का? – एक वडील, कळवा

भरू नका. बीटेकचं ऐकलंत तेव्हाच उठायला हवं होतं. इंजिनीअरिंगची पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देता येतच नाही.

ऑनलाइन एमबीए मात्र खोटं नसतं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मेख ‘मान्यताप्राप्त’ या शब्दात आहे. विद्यापीठ खरं असून भागत नाही. तो अभ्यासक्रम, त्या सत्रासाठी, यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या यादीत असावा लागतो. गेल्या वर्षी होता म्हणून यंदा असेलच असं नाही. आणि असे अभ्यासक्रम फ्रँचायझीकडून चालवायला मनाईच आहे. मुलाने यादी स्वतः उघडावी, प्रवेशासाठी लागणारा त्या ब्युरोचा ओळख क्रमांक (डीईबी आयडी) स्वतः काढावा, फी विद्यापीठाच्याच खात्यात भरावी. पावतीवर दुसऱ्याच कुणाचं नाव आलं तर तिथेच थांबावं.

जवळचे पर्यायही बघा. मुंबई विद्यापीठात दूरशिक्षण १९७१ पासून आहे. इग्नू हे केंद्राचं मुक्त विद्यापीठ १९८५ चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. त्यांची जाहिरात कमी चकचकीत असते, एवढंच.

प्रश्न : शनिवारी ऑनलाइन तास घेते. साठ मुलं, साठ काळे चौकोन. कॅमेरा सक्तीचा करावा का? – प्राध्यापिका, नेरुळ

मॅडम, २०२० मध्ये मीही सक्ती केली होती. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाचा कॅमेरा सुरू झाला, मागे त्याची आई भाकऱ्या थापत होती आणि धाकटी बहीण त्याच खोलीत स्वतःच्या शाळेचा तास करत होती. तो खाली मान घालून बसला. मी सक्ती मागे घेतली.

चेहरा दिसला म्हणजे लक्ष आहे, असं नाही. वर्गातही शेवटच्या बाकावर आपण फसतोच. तासभर बोलण्याऐवजी वीस मिनिटांचा भाग रेकॉर्ड करून आदल्या दिवशी द्या. प्रत्यक्ष तासात फक्त उदाहरणं सोडवायला लावा आणि दर दहा मिनिटांनी एक प्रश्न टाका, उत्तर चॅटमध्ये. चॅट मराठीत चालेल, असं एकदा मोठ्याने सांगा. माझ्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिती झाली. रेकॉर्डिंगची फाइल मात्र लहान ठेवा. मोबाइल डेटाचा रोजचा कोटा संध्याकाळपर्यंत कसा संपतो, ते मुलांना विचारा.

प्रश्न : वय ६४. संगणक शिकायचा आहे, इंग्रजी जेमतेम. नातू हसतो. – निवृत्त बँक कर्मचारी, कोपरी

मुंबई आयआयटीचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हे व्हिडिओ धडे मराठीतही आहेत, फुकट. लिबरऑफिसपासून (पत्रं लिहायचं, तक्ते करायचं मोफत सॉफ्टवेअर) सुरुवात करा. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा असतो : व्हिडिओ थांबवायचा, तेच आपल्या संगणकावर करायचं, मग पुढे. बँकेत आकड्यांत आयुष्य गेलंय, तेव्हा त्यातलं आकड्यांच्या तक्त्यांचं ‘कॅल्क’ तुम्हाला लवकर जमेल. फक्त नातवाला शेजारी बसवू नका, तो माउस हातातून काढून घेतो.