बावन्नाव्या वर्षी डिमेन्शिया?

प्रश्न: माझे मिस्टर ५२चे, बँकेत आहेत. हल्ली साधे हिशोब चुकतात, चिडचिड तर विचारू नका. एवढ्या लवकर डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती कमी होत जाण्याचा आजार) होतो का हो?

उत्तर: ताई, होतो, पण कमी. २०२१ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे, ३० ते ६४ वयात लाखात साधारण ११९, म्हणजे हजारात एखादा, आणि ज्यांच्या नावाने अल्झायमर हा डिमेन्शियाचा प्रकार ओळखला जातो, त्या डॉ. अल्झायमरनी १९०१ मध्ये तपासलेली प्रसिद्ध पेशंट पण ५१चीच होती, तरी आपण याला म्हातारपणाचंच दुखणं समजतो. या वयात कधीकधी आधी स्वभावच बदलतो, मग घरचे ऑफिसचं टेन्शन म्हणून सोडून देतात. तुम्ही घाबरू नका, आधी बी१२, थायरॉइड, डिप्रेशन बघून घ्या, यांमुळेही असं होऊ शकतं आणि यांवर उपचार आहेत. न्यूरोलॉजिस्टकडे मात्र सोबत जा, मिस्टरांना स्वतःला सगळं जाणवतच असेल असं नाही.