प्रश्न तुमचे : चौदा गाणी आहेत, डायलॉग टाकायचे का?

प्रश्न : भाऊ, आमची वडसा तालुक्यातली सात पोरांची मंडळी आहे, दिवाळीनंतर आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात कोणी ऑर्गन वाजवते, कोणी ऑक्टोपॅड, आणि यंदा आम्ही स्वतःची चौदा गाणी बांधली. गोष्ट अशी की एका पोरीची माय तेलंगणात मिरची तोडाले जाते, ते वापसच येत नाही, आणि पोरगी बोलणं बंद करते. याचा मोबाईलवर सिनेमा करून राहिलो. एका दोस्तानं लॅपटॉपवर 'टॉमी' दाखवला, तेव्हापासून डोक्यात तेच. पण गावात सगळे म्हणतात मधात डायलॉग टाका, नाहीतर कोणाले काही समजणार नाही. आणि तेवढा भपका आम्ही आणाचा कुठून?

उत्तर : भाऊ, डायलॉग टाकू नका. हात जोडून सांगतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, 'टॉमी' हा आधी 'द हू' या इंग्लंडच्या बँडचा 1969 चा डबल अल्बम, त्या बँडच्या पीट टाऊनशेंडनं रचलेला रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक गाण्यांतूनच सांगितलेली गोष्ट, आणि केन रसेलनं 1975 मध्ये त्याचा सिनेमा केला. लहान पोराच्या डोळ्यांसमोर खून होतो, घरचे त्याला बजावतात की तू काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, बोलायचं नाही, आणि पोरगा खरंच आंधळा-बहिरा-मुका होऊन बसतो. सगळा सिनेमा गाण्यातच चालतो, बोलणं जवळजवळ नाहीच. आपल्या संगीत नाटकात गद्य गोष्ट पुढे नेतं आणि पद आलं की गोष्ट थांबते, आपण वन्समोअर देतो, पण ऑपेरात गाण्यालाच गोष्ट ओढावी लागते. म्हणून तुमची चौदाही गाणी एकेक करून तपासा, गाणं संपल्यावर पोरीचं काय बदललं? काहीच बदललं नसेल तर ते गाणं काढा, कितीही गोड असलं तरी. आणि जिथं गोष्ट तुटते तिथं डायलॉगऐवजी नवीन गाणं लिहा, टाऊनशेंडनंही सिनेमासाठी नवी गाणी लिहिली होती. गोष्टसुद्धा बदलली बरं का, अल्बममध्ये परत आलेला बाप बायकोच्या प्रियकराला मारतो, सिनेमात प्रियकरच बापाला मारतो. त्यामुळं ज्यानं बापाला मारलं तोच माणूस पुढं त्या पोराच्या घरात बाप म्हणून वावरतो आणि प्रत्येक सीनला धार येते. अल्बम लाडका आहे म्हणून त्यांनी जसाच्या तसा ठेवला नाही.

आता भपका. मला वाटतं इथंच लोक चुकतात, पैसा पाहतात. रसेल काय करतो, एका गाण्याला एक वस्तू पकडतो आणि ती वस्तू हाताबाहेर जाऊ देतो. त्यातल्या गायक एल्टन जॉनचे बूट आठवा, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे. टॉमीची आई, म्हणजे ॲन-मार्गरेट, पांढऱ्याशुभ्र खोलीत बसून टीव्ही पाहते, पोराच्या नावावर पैसा आलेला आहे, आणि ती टीव्हीवर बाटली फेकते तर फुटलेल्या काचेतून साबणाचा फेस, मग बीन्स, मग चॉकलेट नुसतं वाहत येतं आणि ती त्यात लोळते. त्या गाण्यात कुठंही ती बाई 'मला अपराधी वाटते' असं सांगत नाही, पण आपल्याला पोटात कळतं. शब्द जे सांगतात तेच चित्रात परत दाखवलं तर प्रेक्षक दुसऱ्या कडव्याला मोबाईल काढतो.

तुमच्याकडे तर मिरची आहे! माय गेली त्या दिवशी घरात एक मिरची, मग सूपभर, मग खाटेखाली, चुलीत, पोरीच्या वेणीत, आणि शेवटी अख्खं घर लाल. पण खऱ्या सुक्या मिरच्यांत पोरीला लोळवू नका, ठसका लागून जीव जाईल, डोळे जळतील. ॲन-मार्गरेटचाही त्या सीनमध्ये काचेनं हात कापला होता. जवळून दाखवायला खऱ्या चार-पाच मिरच्या घ्या आणि घर भरायला पळसाची फुलं. फागुनात पळस फुलतो, म्हणजे शूटिंगचा मुहूर्त आपोआप ठरला. पोत्यानं फुलं मिळतील, पैसा लागणार नाही.

कामाचं एक सांगतो, गाणी आधी पूर्ण रेकॉर्ड करा, आवाज स्वच्छ पाहिजे, मग सेटवर स्पीकरवर लावून ओठ हलवा. चित्र मोबाईलचं थोडं इकडंतिकडं झालं तरी चालेल, आवाज फाटला की सिनेमा गेला. आणि गावकऱ्यांची भीती सोडा, खडीगंमतीचं लोकनाट्य रातभर बसून पाहणाऱ्या माणसाला गाण्यातली गोष्ट कळत नाही हे मी मानायला तयार नाही.

प्रश्न : 'टॉमी'चा आणि आपल्या मेहेरबाबांचा काही संबंध आहे म्हणतात, खरं का? (वर्ध्याहून एक ताई)

उत्तर : खरं आहे ताई. टाऊनशेंड मेहेरबाबांचा भक्त, आणि 'टॉमी' अल्बमवर बाबांचं नाव अवतार म्हणून छापलेलं आहे. पुण्यात जन्मलेल्या बाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही, अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि नंतर नुसत्या खुणांनी बोलायचे. अल्बम आला त्याच वर्षी मे महिन्यात. न बोलणाऱ्या पोराची गोष्ट लिहिणाऱ्याचे गुरू साडेत्रेचाळीस वर्षं बोलले नव्हते, हे कळल्यावर मी तो अल्बम परत पहिल्यापासून ऐकला. बाबांची समाधी नगरजवळ अरणगावला, मेहेराबादला आहे. वडशाच्या पोरांनो, तुम्हीही जाऊन या, तुमच्या पोरीच्या मौनासाठी काहीतरी हाती लागेल.