वाम मासा कशावरून?

प्रश्न : बाजारातून उजनीची वाम आणली, तर सासूबाई म्हणाल्या, "हा पाण्यातला साप, घरात शिजवायचा नाही." पाय नाहीत, खवले दिसत नाहीत, वळवळही तशीच. कणा तर दोघांनाही असतो. मग ही मासा कशावरून?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कणा आहे एवढ्यावरून वाम पृष्ठवंशीय ठरते, मासा नव्हे. मासे, बेडूक, साप, पक्षी, आपण, सगळेच त्या गटात. आणि लांबट अंगावर तर मुळीच जाऊ नका. चिखलात, कपारीत घुसून राहणाऱ्या प्राण्यांना असं अंग सोयीचं पडतं. त्याचा नात्याशी संबंध नाही.

डोक्यामागची बारीक फट उचकटून बघा. आत लालभडक कल्ले दिसतील. पाणदिवडीला, म्हणजे पाण्यातल्या सापाला, कल्ले नसतातच. ती फुप्फुसाने श्वास घेते, म्हणून तिला पाण्यावर नाक काढावंच लागतं. वामेला फटीमागे दोन छोटे पर असतात, सापाला एकही नसतो. वामेचे खवले अगदी बारीक आणि बुळबुळीत, पण सुटे असतात, राख लावून घासले की निघतात. सापाचे खवले म्हणजे कातडीच्याच घड्या. ते असे खरवडून निघत नाहीत.

साफ करताना मात्र जपून. वामेच्या पाठीवर पराच्या पुढे तीसेक सुटे काटे दबून असतात. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की ते बोटात घुसतात. आधी कात्रीने ते मुळाशी कापा.

पक्का पुरावा ताटातच मिळेल. शिजलेल्या तुकड्यातला एक मणका गरम पाण्यात ठेवून जुन्या ब्रशने स्वच्छ करा. डमरूसारखा दिसेल, दोन्ही तोंडांना खळगा. सापाच्या मणक्याला पुढे खळगा आणि मागे गोळा असतो. एकाचा गोळा त्याच्या मागच्याच्या खळग्यात बसतो, शिवाय जादा सांधे असतात. म्हणून साप इतका वळतो, तरी त्याचा कणा पिळवटत नाही. सासूबाईंना तो डमरू जरूर दाखवा.

प्रश्न : मांडुळाला खरंच दोन तोंडं असतात का?

उत्तर : नाही. शेपूट बोथट असल्याने ती डोक्यासारखी भासते. डोळे आणि जीभ एकाच टोकाला असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मांडूळ पकडणं, विकणं गुन्हा आहे. शेतात दिसलं तर जाऊ द्या, ते उंदीर खातं.