‘इनडीसेंट प्रपोजल’ या चित्रपटाच्या शेवटी अब्जाधीश जॉन गेज ‘मिलियन डॉलर क्लब’बद्दल खोटं बोलतो का?

(शेवट उघड होतो, पाहायचा असेल तर थांबा.)

हो, खोटंच. डायना या विवाहितेसोबतच्या एका रात्रीसाठी गेजने तिला आणि तिचा नवरा डेव्हिडला दहा लाख डॉलर दिलेले असतात. गाडीत डायनाच्या देखत तो ड्रायव्हरशी असं बोलतो, की दहा लाख डॉलरला एक रात्र घेतलेल्या बायकांच्या यादीत तीही एक. ड्रायव्हर क्षणभर गोंधळतो आणि मग री ओढतो. तो गोंधळच मोठा पुरावा आहे. तिला अपराधी न वाटता निघता यावं, म्हणून गेज स्वतःलाच हलकट ठरवतो.

पण खरी गंमत त्या नाण्याची. यॉटवर तो नाणेफेक करतो: हरलो तर तुला परत पाठवतो, जिंकलो तर थांब. निरोपाला तेच नाणं तो तिच्या हाती देतो, आणि त्याला दोन्ही बाजूंना छापा निघतो. म्हणजे त्या रात्री हरण्याची शक्यताच नव्हती.

डेव्हिडकडे ती परतते ती केवळ या खोटेपणामुळे नव्हे. त्याआधीच्या लिलावात डेव्हिड ते दहा लाख पाणघोड्यासाठी उधळून मोकळा होतो आणि घटस्फोटाच्या कागदांवर सहीही करतो. १९९३च्या या चित्रपटातला हा लिलावाचा प्रसंग मात्र जरा ओढूनताणून आणलेला वाटतो.