वाचकांचे प्रश्न : चिनीभाषक मुलुखातील इंग्रजी शिबिरे

चीन आणि तैवानमधील उन्हाळी इंग्रजी शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जाण्याविषयी यंदा चार वाचकांनी विचारणा केली आहे. एकाला दिलेले उत्तर दुसऱ्याच्या उपयोगी पडेल, म्हणून चारही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चीनमधील गावोगावच्या शिक्षकांना इंग्रजीचे प्रशिक्षण देण्यासाठी उन्हाळ्यात परदेशी स्वयंसेवक जातात, असे ऐकले आहे. माझ्यासारखीला तेथे काही काम मिळू शकेल का?
— निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, मात्र त्यातील बराचसा भाग आता इतिहासजमा झाला आहे. चिनी ख्रिस्ती मंडळींच्या पुढाकाराने १९८५ मध्ये नानजिंग येथे अ‍ॅमिटी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. परदेशातून इंग्रजीचे शिक्षक बोलावणे हे तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होते, आणि पुढे तिच्या उन्हाळी कार्यक्रमात लहान गावांतील माध्यमिक शाळांच्या शिक्षकांकडून काही आठवडे बोलक्या इंग्रजीचा सराव करून घेतला जाऊ लागला. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक-योजनेचे स्वयंसेवकही १९९३ पासून सिच्वान, छोंगछिंग, क्वेइचौ आणि कान्सू या भागांतील महाविद्यालयांत शिकवत असत. तो कार्यक्रम २०२० मध्ये बंद झाला.

या सगळ्याची गरज का पडली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण चीनने २००१ मध्ये स्वीकारले. त्याच्या एकच वर्ष आधी, जून २००० मध्ये, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणले होते, आणि स्वतः पाचवीत मुळाक्षरे गिरवलेल्या शिक्षकांवर सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याची वेळ कशी आली, ते आपण वर्गात उभे राहून अनुभवले असेल. चिनी शिक्षकाचे व्याकरण बहुधा आपल्यापेक्षा पक्के असते. अडचण बोलण्याची असते. वाचता येते, लिहिता येते, पण तोंडातून शब्द फुटत नाही, अशा इंग्रजीला चिनी लोकच ‘मुकी इंग्रजी’ म्हणतात. महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतील ७५० गुणांपैकी इंग्रजीचे १५० गुण प्रामुख्याने कागदावर मिळवायचे असल्यामुळे बोलण्याला शाळेत फारसा वेळ उरत नाही.

मात्र चीनच्या मुख्य भूमीवरील वाट आता अरुंद झाली आहे. १ जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार परदेशी स्वयंसेवी संस्थेला तेथे एक तर पोलीस खात्याकडे नोंदणी करून कार्यालय थाटावे लागते, नाहीतर चिनी भागीदार संस्थेमार्फत तात्पुरत्या उपक्रमाची नोंद करावी लागते. जुलै २०२१ च्या धोरणाने सक्तीच्या शिक्षणाच्या वयोगटातील मुलांना शालेय विषयांच्या खासगी शिकवण्या सुट्टीच्या दिवसांत घेण्यास बंदी घातली, आणि इंग्रजी हा त्यातलाच एक विषय आहे. शिवाय पगारी भाषाशिक्षकाने ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक असावे, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. आपली तीस वर्षे त्या चौकटीत मोजली जात नाहीत, हे कटू असले तरी आधीच माहीत असलेले बरे.

तैवानकडे पाहावे, असे मी सुचवीन. २०३० पर्यंत देश द्विभाषक करण्याचे धोरण तेथील सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले, आणि डोंगराळ व किनारी भागांतील लहान शाळांना इंग्रजी बोलणाऱ्या माणसांची निकड आहे. परदेशात वाढलेल्या तैवानी वंशाच्या तरुणांना अशा शाळांत धाडण्याचा एक सरकारी उपक्रम २००६ पासून चालतो. त्यात आपल्याला प्रवेश नाही, पण शिबिराआधी आठवडाभर प्रशिक्षण आणि मग दोन आठवडे शिकवणे हा त्याचा आराखडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण प्रशिक्षणाशिवाय थेट वर्गात उभी करणारी शिबिरे बहुधा कच्ची असतात. आपल्याला वाव आहे तो देशोदेशीच्या स्वयंसेवकांची श्रमदान शिबिरे भरवणाऱ्या संस्थांच्या भारतीय शाखांमार्फत. वयाची अट प्रत्येक संस्थेची निराळी असते. तरुणांच्या काही संघटना तिशीनंतर कोणाला घेत नाहीत, म्हणून पहिल्याच पत्रात वय स्पष्ट लिहावे.

निवृत्तीचा एक मोठा फायदा आपल्या पदरात आहे. आपल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि तिकडची उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्यामुळे नोकरीत असलेल्या शिक्षकाला ऐन सत्रात रजा आणि परदेशप्रवासाची खात्याची परवानगी, दोन्ही मिळवावी लागतात. आपल्याला फक्त पासपोर्ट आणि चांगले गुडघे लागतील.

प्रश्न : मी वीस वर्षांचा असून पुण्यात शिकतो. चीनमधील एका शहरात तीन आठवड्यांच्या इंग्रजी शिबिरासाठी एका एजन्सीने माझी निवड केली आहे. मानधन नाही, उलट नोंदणीची मोठी रक्कम मलाच भरायची आहे. व्हिसा पर्यटनाचा घ्या, स्वयंसेवकाला दुसरा लागत नाही, असे ते म्हणतात. घरच्यांना शंका येते आहे.
— विद्यार्थी, पुणे

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे. पर्यटन व्हिसावर वर्ग घेऊ नयेत. पगार नसला म्हणजे ते काम ठरत नाही, ही समजूत पुष्कळांची असते, आणि एजन्सी नेमका तिचाच फायदा घेते. चीनमध्ये पर्यटनासाठी एल, विनावाणिज्य भेटी व देवाणघेवाणीसाठी एफ आणि नोकरीसाठी झेड असे व्हिसाचे वेगवेगळे वर्ग आहेत. आपल्याला कोणत्या कामासाठी बोलावले आहे हे लिहिलेले चिनी यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र मागावे, आणि ते दाखवून कोणता व्हिसा लागेल हे मुंबईच्या चिनी वाणिज्य दूतावासाकडून किंवा त्याच्या व्हिसा केंद्राकडून स्वतः विचारून घ्यावे. बेकायदा कामाबद्दल ५,००० ते २०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर असल्यास त्याखेरीज ५ ते १५ दिवसांची कोठडी, अशी तरतूद १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या तेथील प्रवेश-निर्गमन कायद्यात आहे. तो दंड एजन्सी भरणार नाही. हाँगकाँगमध्येही पाहुणा म्हणून गेलेल्याला पगारी वा बिनपगारी कोणतेही काम करता येत नाही.

एजन्सीला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. आपण भरलेल्या रकमेतून शाळेच्या वाट्याला किती येते? मुलांच्या पालकांकडून शुल्क घेतले जाते का? घेतले जात असेल, तर ते शिबिर हा व्यवसाय आहे आणि आपण त्यातले फुकटचे मनुष्यबळ आहात. तिसरी गोष्ट म्हणजे, शिबिरात धर्मशिक्षण असते का? अशा शिबिरांमागे अनेकदा चर्चशी संबंधित संस्था असतात. त्यात गैर काहीच नाही आणि त्यांतील कित्येकांनी निरलसपणे काम केले आहे, परंतु परदेशी माणसाने धर्मप्रसार करणे चीनमध्ये कायद्याला धरून नाही, आणि इंग्रजीच्या तासाच्या आडून तो होत असेल तर त्यात आपल्या नकळत आपण ओढले जाल. या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर पैसे भरू नयेत.

जाताना आणखी एक पथ्य पाळावे : भारताचा नकाशा छापलेले तक्ते किंवा वह्या चीनमध्ये नेऊ नयेत. सीमेच्या रेषेवरून सीमाशुल्क अधिकाऱ्यांशी हुज्जत घालण्यात कोणाचेच इंग्रजी सुधारत नाही.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूणही खात नाही. तैवानमध्ये तीन आठवडे निभावेल का?
— वाचक, जळगाव

उत्तर : निभावेल, आणि कदाचित आपल्या अपेक्षेपेक्षा सुखाने. तेथील बौद्ध परंपरेच्या शाकाहारात कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या भाज्या वर्ज्यच असतात. ‘सू-श’ म्हणजे शाकाहार हे शब्द आणि त्यांची दोन चिनी अक्षरे कागदावर लिहून जवळ ठेवावीत. अंडे व दूध त्यात चालते की नाही हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागेल, आणि साध्या खाणावळीतील पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, एवढे ध्यानात असावे.

प्रश्न : तैवानमधील एका खेड्यातील प्राथमिक शाळेच्या शिबिरासाठी माझी निवड झाली असून, शेवटचे दोन दिवस स्थानिक शिक्षकांसाठी आहेत. तयारी काय करावी? चिनी शिकायला हवी का? आणि माझे उच्चार भारतीय आहेत, त्याचे काय?
— इंग्रजीची शिक्षिका, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गोऱ्या चेहऱ्याची आणि अमेरिकी उच्चारांची ओढ तिकडच्या पालकांत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपण इंग्रजी आईच्या मांडीवर शिकलेल्या नाही आहात, आणि वर्गात हेच आपले भांडवल आहे. कोठे अडते ते आपल्याला आतून ठाऊक असते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत, चिनीतही नाहीत. इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतला भेद आपल्यालाही जड जातो, तेव्हा तो शिकवण्याआधी स्वतःच्या जिभेवर घोटून घ्यावा.

जेथे आपण वेगळे आहोत, तेथे मात्र मुलांच्या चुका समजून घ्याव्या लागतात. चिनीत ‘तो’ आणि ‘ती’ यांची लेखी अक्षरे निराळी असली तरी दोन्हींचा उच्चार एकच, ‘था’. त्यामुळे हुशार मूलसुद्धा आपल्या आईला ‘ही’ म्हणेल. क्रियापद काळानुसार बदलत नाही, म्हणून काल गेलेला माणूसही ‘गो’ असतो. चिनी शब्दावयवाच्या अखेरीस स्वर किंवा ‘न्’, ‘ङ्’ यांखेरीज फारसे काही येत नाही, म्हणून ‘बुक’ मधला ‘क’ गिळला जातो किंवा त्याला एक स्वर चिकटतो. पहिल्या दिवशी या चुका ऐकून फक्त टिपून ठेवाव्यात आणि त्यांपैकी एकच निवडून दहा दिवस तिच्यावर खेळ रचावेत. गाणी, टाळ्या, फुगे हे सगळे असू द्यावे, पण मुलाने दिवसाला स्वतःची पाच वाक्ये मोठ्याने बोलली का, हे मोजावे. जेवणानंतर शाळेत मुले बाकावर डोके टेकून झोपतात. ती झोप मोडून तास घेऊ नये.

चिनी शिकण्याबाबत म्हणाल, तर कामापुरती जरूर शिकावी, आणि रोमन लिपीऐवजी कान व देवनागरी यांच्यावर भिस्त ठेवावी. रोमन लिपीतील ‘बी’ आणि ‘पी’ हे चिनीत खरे तर आपले ‘प’ आणि महाप्राण ‘फ’ आहेत. तैवानच्या राजधानीचे नाव ‘थाय-पेइ’ असे ऐकू येईल. पिनयिन या चीनच्या रोमन लेखनपद्धतीतील ‘झेड’ हा आपल्या ‘चमचा’तला च आहे आणि ‘जे’ हा साधारण ‘चहा’तला, आणि चहा तर शब्दासकट तिकडूनच आला. इंग्रजी माणसाला हे दोन च वेगळे करायला महिने लागतात, आपल्याला घरातच मिळालेले असतात. तैवानची मुले पहिलीत जी सदतीस ध्वनिचिन्हे शिकतात, त्यांचा क्रम ‘प, फ, म’ असा ओठांपासून सुरू होतो, म्हणजे आपल्या वर्णमालेप्रमाणेच तोंडातील स्थानांनुसार लावलेला असतो. एक दिवस त्यांची चिन्हे फळ्यावर लिहून शेजारी देवनागरी लिहावी. मुले हरखतील आणि त्या दिवसापुरत्या आपण विद्यार्थिनी व्हाल.

शिक्षकांसाठीचे दोन दिवस हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि शिबिरे भरवणारे तोच शेवटी ढकलतात याचे मला नेहमी नवल वाटते. मुले तीन आठवड्यांत आपल्याला विसरतील. शिक्षक पुढची वीस वर्षे त्याच वर्गात असणार आहे. शक्य असल्यास हे दोन दिवस पहिल्या आठवड्यात मागून घ्यावेत. आपल्याकडच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत पुण्याहून आलेला तज्ज्ञ दोन तास बोलून गेला की मागच्या बाकांवर काय चालते, ते आठवावे आणि भाषण टाळावे. त्याऐवजी स्थानिक शिक्षकासोबत एक पाठ बसून आखावा, त्याच्याच पाठ्यपुस्तकातला. तो त्याने शिकवावा, आपण मागे बसून पाहावे, दुसऱ्या दिवशी उलट करावे. मुलांसमोर त्याचे इंग्रजी सुधारू नये. त्याची पत त्या वर्गात कायमची आहे, आपली तीन आठवड्यांची. उच्चार दाखवण्यासाठी तेथे अमेरिकी ‘केके’ ध्वनिलिपी वापरतात, ती आधी पाहून ठेवावी, म्हणजे फळ्यावरची चिन्हे परकी वाटणार नाहीत.

व्हिसासाठी दिल्लीला जाण्याची गरज आहे का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. तैवानचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईतही आहे. निमंत्रणपत्र घेऊन तेथेच चौकशी करावी, आणि जुलै ते सप्टेंबर हे वादळांचे दिवस असल्याने परतीच्या तिकिटात दोन दिवसांची सवड ठेवावी.