‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मातीतली ओल मोजणारा सेन्सर आणि त्याचं मोबाइल ॲप, असा आमच्या पाच जणांचा प्रोजेक्ट होता आणि मी टीम लीडर होते. कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार हे पट्ट्यांनी दाखवणारा सहा महिन्यांचा तक्ता, म्हणजे गँट चार्ट, करून मी सगळ्यांना दिला होता. शेवटच्या महिन्यापर्यंत जो तो ‘नव्वद टक्के झालंय’ म्हणत होता. प्रत्यक्षात जोडायला बसलो तेव्हा काहीच जुळेना. तीन आठवडे उशीर झाला. बाकीचे चौघं माझं ऐकतही नव्हते. मला प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्येच करिअर करायचं आहे. पदवी मिळाल्यावर लगेच पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र करू, की हे क्षेत्र माझं नाहीच?

उत्तर : तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी खोडून टाक. एका प्रोजेक्टला तीन आठवडे उशीर झाला म्हणून क्षेत्र तुझं नाही, असं ठरत नाही. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये पूर्ण व्हायचं होतं, ते खुलं झालं १९७३ मध्ये. खर्चाचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, तो गेला १० कोटी २० लाखांवर. छताच्या त्या प्रसिद्ध कमानी उभ्या कशा करायच्या हे सुटायच्या आधीच खालचं बांधकाम सुरू झालं होतं. पुढे छताचा भार पेलणार नाही म्हणून काही खांब पुन्हा बांधावे लागले.

आता तुमच्याकडे बघ. सेन्सरकडून ॲपकडे माहिती कोणत्या स्वरूपात जाणार, हे कधी ठरलं? माझा अंदाज आहे, जोडायला बसलात तेव्हाच. दोन भाग जिथे भेटतात ती जागा पहिल्याच आठवड्यात कच्ची का होईना, पण जोडून बघायची असते. सेन्सरने एक आकडा पाठवला आणि तो ॲपच्या पडद्यावर दिसला, एवढं पुरे. दिसायला ते काहीच नसतं, पण पुढचे पाच महिने त्याच्यावर उभे राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ते नव्वद टक्के. यात कुणी खोटं बोलत नाही. ज्याने कोड लिहिला त्याला खरंच वाटतं की आता थोडंच राहिलंय. म्हणून टक्के विचारूच नकोस. काम तीन-चार दिवसांच्या तुकड्यांत पाड आणि प्रत्येक तुकडा कधी ‘झाला’ म्हणायचा ते सुरू करण्याआधी लिहून घे. ‘ॲपचं लॉगिन’ असं लिहून काही कळत नाही. ‘चुकीचा पासवर्ड टाकला तर सूचना येते, आणि हे दुसऱ्या कुणीतरी त्याच्या फोनवर तपासलंय’ असं लिहिलं की वाद उरत नाही. मग उत्तरं दोनच, झालं किंवा नाही.

अंदाजही असाच मोडून घ्यायचा. ‘किती दिवस लागतील?’ असं विचारलं की माणूस सगळं सुरळीत जाईल असं धरून बोलतो. त्याऐवजी तीन आकडे विचार : सगळं नीट झालं तर, बहुधा, आणि सगळं बिघडलं तर. समज, ६, १० आणि २६ दिवस आले. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन बेरीज कर, सहाने भाग. उत्तर १२ येतं. ही पद्धत १९५८ पासूनची आहे, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातली. मला मात्र त्या १२ पेक्षा २६ जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘२६ का म्हणालास?’ हे विचारलंस की ‘सेन्सर वेळेवर आला नाही तर...’ अशी मनात दडलेली भीती बाहेर येते, आणि तिच्यावर काहीतरी करायला तुझ्या हातात वेळ असतो.

ऐकत नव्हते, हे दुखणं तू एकाच ओळीत लिहिलंस, पण मला ते सगळ्यात मोठं वाटतं. नोकरीतही हेच असणार आहे. बऱ्याच संस्थांमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखाली काम करणारी माणसं प्रत्यक्षात दुसऱ्याच विभागाची असतात. त्यांची बढती, त्यांच्या रजा त्यांचा विभागप्रमुख बघतो. तिथे हुकूम चालत नाही. या व्यक्तीचे आठवड्यातले किती दिवस आपले, हे त्या प्रमुखाशी सुरुवातीलाच बोलून लेखी घ्यावं लागतं. आणि चार्ट तयार करून हातात द्यायचा नाही, सगळ्यांना घेऊन बनवायचा. स्वतः सांगितलेली तारीख माणूस पाळायला बघतो, दुसऱ्याने दिलेली तारीख त्याला लादल्यासारखी वाटते.

समुपदेशनात येण्याआधी मी काही वर्षं प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर होते. एका कामात उशीर होणार हे मला सहा आठवडे आधी दिसत होतं. भरून काढू, या आशेवर मी गप्प राहिले. कळलं तेव्हा ग्राहक उशिराबद्दल फार बोलला नाही. ‘हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’ एवढंच त्याने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची, सोबत दोन पर्याय घेऊन जायचं : तारीख पुढे न्यायची की काही भाग कमी करायचा. ही सवय तुला आतापासून लागावी असं मला मनापासून वाटतं.

पीएमपीचं थोडक्यात सांगते. चार वर्षांची पदवी असली तरी त्यासाठी प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, म्हणजे ते लगेच होणार नाही. सीएपीएम या त्याच्या आधीच्या पायरीवरच्या प्रमाणपत्राला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. परिभाषा पक्की करायला ते चांगलं आहे, पण केवळ त्यावर कुणी प्रोजेक्ट सोपवत नाही. पहिल्या नोकरीत टेस्टिंग, डेव्हलपमेंट, कोऑर्डिनेटर, काहीही घे, फक्त काम तयार होताना जवळून दिसेल असं घे. मीटिंगची टिपणं लिहायचं काम कुणाला नको असतं, ते मागून घे. कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे ज्याच्या वहीत असतं त्याच्याकडे लोक आपोआप विचारायला येतात.

परीक्षा झाली की त्या चौघांना तासभर एकत्र बसव. दोष कुणाचा हे काढू नका. काम कोणत्या आठवड्यात अडकलं आणि ते कुणाला पहिल्यांदा कळलं, एवढंच एका कागदावर लिहा. तो कागद मला पाठव. मुलाखतीत त्याबद्दल कसं बोलायचं ते आपण मिळून ठरवू.