खारघरला ब्रेस्ट कॅन्सरची लॅब जॉइन करतोयस ना, मग हे ऐक

अरे पेपरांचा ढीग राहू दे, आधी पॅथॉलॉजीवाल्या मॅडमच्या शेजारी बसून स्लाइड बघ. दुधाच्या नळीत आतून ल्युमिनल पेशी आणि त्यांना बाहेरून बिलगलेल्या मायोएपिथेलियल, ज्या आकसून दूध पुढे ढकलतात. पी६३ नावाचं प्रोटीन रंगवणाऱ्या स्टेनमध्ये ही बाहेरची रांग तपकिरी ठिपक्यांसारखी दिसते, डीसीआयएसमध्ये, म्हणजे कॅन्सर अजून नळीच्या आतच असतो तेव्हा, बहुतेक टिकून असते, कॅन्सर नळीबाहेर घुसला की गायब, हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की अर्धं टेन्शन गेलं. एमसीएफ-७ ला, म्हणजे लॅबमध्ये वाढवतात त्या ब्रेस्टच्या पेशींना, नॉर्मल समजू नको हां, त्या पेशी कॅन्सर पेशंटच्या छातीत साठलेल्या पाण्यातून आल्यात. आणि मॅट्रिजेल, म्हणजे पेशी वाढवायला वापरतात तो जेल, रात्रभर फ्रिजमध्ये बर्फावर वितळव, पिपेटच्या टिपासुद्धा गार कर, मी पनवेल लोकलच्या घाईत बाहेरच ठेवलेलं, त्याची जेली झाली, वर लोकल पण गेली.